सहाशे ग्रॅमच्या आत

वजन घटेल तसा भाव चढावा, अशी बाजारपेठ उभी करण्याचे श्रेय चिमुकल्या कुत्र्यांच्या शौकिनांना द्यावे लागेल. माझ्या थोरल्या बहिणीच्या मागच्या खोलीत दलालाने छापून आणलेले दरपत्रक चिकटवलेले होते: आठव्या आठवड्यात पिल्लू सहाशे ग्रॅमच्या आत भरले तर पूर्ण किंमत, नऊशेच्या आत निम्मी, त्यापुढे पाव. बहीण घासाघीस करत नसे आणि पिल्लू फुकटही देत नसे. फुकट नेणारे महिन्याभरात रस्त्यावर सोडतात, हे तिने पाहिले होते.

बहिणीच्या कुत्रीच्या ताज्या वेतातली शेवटची मादी उरली होती. बहीण तिला चिमटी म्हणे. सहाव्या आठवड्यात ती साडेपाचशे भरली.

"ताई, हिला आता अर्ध्या पोटी ठेवा," दलाल म्हणाला. "घेणाऱ्या मॅडमच्या पर्समध्ये मावली पाहिजे. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

तीस वर्षे कुत्री वाढवलेल्या, शिकल्यासवरल्या बाईने हे ऐकले आणि वाटी अर्धी केली. धंद्यात त्याला 'आकार राखणे' म्हणतात. उपासमारीला सभ्य नाव सापडले की ती करणाऱ्याला झोप लागते.

तिसऱ्या दुपारी चिमटी थरथरू लागली आणि कलंडली. बहीण तिच्या हिरड्यांना साखरेचे पाणी चोळत तासभर बसून राहिली. पिल्लाने डोळे उघडले तेव्हा दारात समोरच्या गाळ्यातला शिंपी उभा होता. तो रोज येऊन चिमटीचा भाव विचारी आणि परत जाई. पाव किमतीपलीकडे त्याची ऐपत नव्हती.

"काय झालं हिला, बाई?"

"उपाशी आहे. मीच ठेवलीय."

त्या संध्याकाळपासून वाटी भरू लागली. प्रत्येक घासागणिक किंमत उतरत होती आणि बहिणीला ते पुरते कळत होते. मधल्या दिवसांत तिने शिंप्याची खोली तपासली. जमिनीवरच्या टाचण्या त्याला चुंबकाने दोनदा गोळा करायला लावल्या.

आठवा आठवडा भरला. दलालाने पिल्लू काट्यावर ठेवले: नऊशे तीस.

"ताई, म्हैस केलीत हिची!"

"नऊशेच्या पुढे पाव. वाच, तूच छापलंयस."

"मॅडमना मी काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव. आणि पर्समध्ये ठेवायला एखादा रुमाल दे."

दलाल दार आपटून गेला. पुढच्या वेताला तो गिऱ्हाईक आणणार नव्हता, हे उघड होते. बहिणीने शिंप्याला हाक मारली, पाव किंमत घेतली आणि खाण्याच्या वेळा लिहिलेला कागद त्याला दिला.

"दिवसातून चार वेळा?"

"चार."

"बाई, मी स्वतः दोनदाच जेवतो."

"मग तुम्हीही सुधारा," ती म्हणाली, आणि त्याला आधी साबणाने हात धुवायला पाठवले.