एकशे अठरा ठोके

मास्तरला लोक मास्तर म्हणत, पण ते तो गाडी शिकवतो म्हणून नव्हे. मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये तो लागला चौदा वर्षांपूर्वी. मास्तर तो त्याच्या आधीपासून होता, तळघरातल्या क्लबात तबकड्या वाजवायचा तेव्हापासून. नव्या शिकाऊला हे सांगायची त्याला भारी हौस. गाडी आचके देतेय, मागचे हॉर्न मारतायत, आणि हा शेजारच्या सीटवर जादा ब्रेकवर पाय ठेवून सांगतोय की या गावात ते नाचायचं हाऊस म्युझिक कुणी आणलं. शिकाऊ निमूट हो हो म्हणत. ज्याच्या पायाखाली ब्रेक, त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

क्लब म्हणजे फरशांच्या दुकानाखालचं तळघर. छत इतकं बुटकं की उंच माणसाला नाचताना हात वर करता येत नसत. मधोमध खांब, आणि त्यावर डोकं आपटून घेतलं नाही असा एक माणूस सापडायचा नाही. जुने दिवस सोन्याचे होते म्हणणाऱ्यांना तिथल्या संडासाचं दार दाखवायला हवं होतं. दाखवणार कुठून, दार नव्हतंच. पण दर शनिवारी तिथे सव्वाशे माणसं नाचायची. बेकरीतले कामगार, नर्सा, बस कंडक्टर, बँकेतली एक टायपिस्ट. शहाण्या घरातलं कुणी नाही. शहाणी घरं वर्तमानपत्राला पत्रं लिहीत होती की हा अड्डा बंद करा. आठ वर्षांनी झाला बंद. आणि आता त्याच घरांना त्याची आठवण यायला लागली होती. मेल्याशिवाय यांना कशाचं कौतुक वाटत नाही.

फरशीवाल्याच्या सुनेने त्या तळघरात कॉफी हाऊस काढलं. एका भिंतीला मुद्दाम क्लबाचा जुना काळा रंग ठेवला, कुंड्या टांगल्या, आणि मास्तरला शोधत आली.

"रविवारी दुपारी चार ते सहा वाजवा. उद्घाटन आहे. लोकांना आवडलं तर दर रविवारी तुम्हीच."

दर रविवारी. मास्तरने तोंडावर काही दाखवलं नाही, पण त्या दोन शब्दांवर तो पंधरा दिवस जगला. चौदा वर्षं आरसा बघा, इंडिकेटर द्या, हाफ क्लच करून जीभ झिजली होती. त्याला ते तळघर परत हवं होतं, एवढी साधी गोष्ट होती. कुंड्यांसकट का होईना.

माळ्यावरून तबकड्या फिरवायची दोन्ही टर्नटेबलं खाली आली. भाऊजी, म्हणजे मास्तरच्या ताईचे यजमान, जन्मभर वायरमन. क्लबातलं सगळं वायरिंग त्यांचं, आणि डाव्या टर्नटेबलाचं पापही त्यांचंच. त्याची मोटर सुस्त होती आणि वेगाची पट्टी मेलेली. मिनिटाला एकशे चोवीस ठोक्यांचं गाणं त्यावर एकशे अठराने चाले. ठोके जुळायचे तर उजवंही तेवढंच खाली ओढावं लागे. भाऊजी दर आठवड्याला म्हणत, "उद्या करतो." आठ वर्षं तो उद्या उजाडला नाही.

या खेपेला मात्र भाऊजींनी मनावर घेतलं. तीन दिवस डोळ्याला भिंग लावून बसले आणि चौथ्या दिवशी टर्नटेबल असं पुढे सरकवलं, जसं काही पहिलं नातवंड दाखवतायत.

"घ्या मेव्हणे. कंपनीतून आल्यासारखं झालंय."

"वीस वर्षं उशीर केलात," मास्तर म्हणाला.

"अहो, काम पक्कं हवं असेल तर वेळ लागतो."

ताई आतून म्हणाली, "आमच्या स्वयंपाकघरातला दिवा पण पक्का होतोय वाटतं मग."

रविवारी चाराला तळघर भरलं. निम्मी नवी पोरंपोरी, कॉफी आणि फोन घेऊन. निम्मे जुने. पोटं सुटलेली, केस गेलेले, एक कंडक्टर तर काठी घेऊन आलेला. ताई तिचं सलून बंद ठेवून आली होती. क्लबाच्या दारावर तीच बसायची. कुणाला आत सोडायचं नाही हे ती चपलांकडे बघून ठरवायची. आल्याबरोबर तिने खांबाला थोपटलं आणि म्हणाली, "हा तेवढा म्हातारा झाला नाही."

मास्तरने पहिली तबकडी लावली. आवाज स्वच्छ, ठोका ठणठणीत, एकशे चोवीस. नवी पोरं माना हलवू लागली. सूनबाईंनी लांबून अंगठा दाखवला.

जुने मात्र हलेनात. सुरुवात करत, दोन पावलं टाकत आणि थांबत. कंडक्टर काठीवर रेलून नुसता बघत होता. टायपिस्टबाई, आता आजी झालेल्या, हात उचलत आणि खाली घेत, लिफ्टमध्ये शिरावं की नाही असं झालेल्या माणसासारख्या. मास्तरने दुसरी लावली, तिसरी लावली. सगळी त्यांचीच गाणी. घाम त्याला एकट्यालाच फुटला.

ताई काउंटरपाशी आली. "काय लावलंयस हे?"

"तेच लावलंय ताई. तीच तबकडी, तूच ओरखडा पाडलेली."

"ती नाहीये. कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखं वाटतंय. आमचं असं नव्हतं. आमचं आरामात होतं."

मग त्याच्या ध्यानात आलं. वीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की त्याची चाल वेगळी होती, तो मुद्दाम संथ वाजवायचा, मोठ्या शहरातले धावायचे आणि आपण रेंगाळायचो. सांगून सांगून ते त्यालाच खरं वाटायला लागलं होतं. खोटं होतं सगळं. मोटर बिघडली होती आणि भाऊजी आळशी होते. सव्वाशे माणसांचे गुडघे त्या बिघाडावर शिकले होते आणि अजून दुसरं काही मानायला तयार नव्हते.

त्याने दोन्ही पट्ट्या हळूहळू खाली ओढल्या. एकशे बावीस. एकशे वीस. एकशे अठरा.

भाऊजी शेजारून कळवळले. "अहो, तीन दिवस घातलेत मी त्यात."

"माहितीये."

पहिल्यांदा काठी खांबाला टेकली. मग टायपिस्टबाईंचे हात वर गेले आणि वरच राहिले. ताईने चप्पल काढली. मिनिटभरात जुने सगळे मध्ये होते, खांबाला न बघता वळसा घालत. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला मिठी मारली नाही. नाचत होते, बस.

नवी पोरं मात्र खुर्च्यांवर बसली. दोन टेबलं उठून गेली. सूनबाई आल्या, हसूनच, पण ते हसू कामाचं होतं.

"मास्तर, थोडं चढवा ना. माझं गिऱ्हाईक जांभया देतंय. मघाचं किती छान होतं."

"मघाचं यांना येत नाही."

"यांनी मिळून सहा कॉफ्या घेतल्यात. मला दर रविवार चालवायचाय, समजून घ्या. मघासारखं वाजवा, मी आत्ता पक्कं करते."

तिचं काही चुकत नव्हतं. तेच त्याला जास्त लागलं. त्याने बोटं पट्टीवर ठेवली. वर ढकलायची, एवढंच. दोन तासांतला पाऊण तास उरला होता आणि पुढे वर्षाचे बावन्न रविवार होते.

समोर ताई डोळे मिटून नाचत होती. अठ्ठावन्न वर्षांची, डाव्या गुडघ्याला पट्टा.

मास्तरने बोटं काढून घेतली. "असंच वाजेल."

"मग पुढचा रविवार जमणार नाही."

"बरं."

ती गेली. मास्तर तसाच उभा राहिला. राग त्याला होता, पण कुणावर काढावा हे कळत नव्हतं. भाऊजींनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"सहापर्यंत वाजवा म्हणाल्या."

घड्याळात सव्वापाच झाले होते. पाऊण तासात आठ तबकड्या बसतात, एखादी लांब असली तर सात. आयुष्यात पहिल्यांदा तो मुद्दाम हळू वाजवत होता. कोणत्या सात, हे ठरवायला तो पिशवीवर वाकला.