सहावी खाच

ऑफिसात तिला सगळे 'मिलिमीटर' म्हणत. जुन्या इमारती लेझरने मोजायच्या आणि कॉम्प्युटरवर त्यांचं हुबेहूब मॉडेल उभं करायचं, हे तिचं काम. त्यात ती इतकी काटेकोर, की चहात साखरसुद्धा मोजपट्टी लावून घालत असेल, असं साहेब म्हणायचे.

त्या सोमवारी साहेबांनी नवं काम सांगितलं. शहराबाहेर घोड्यांचा एक जुना तबेला होता, मालक तो विकत होते. घेणाऱ्या बाईंना तिथे घोडेस्वारीची शाळा काढायची होती आणि व्यवहाराआधी इमारतीचं मॉडेल हवं होतं. पत्ता वाचताच तिची कानशिलं तापली.

"हे मला द्या, साहेब."

"तुला? लिदीच्या वासाचं काम कुणी मागून घेत नाही."

"मी घेते."

त्याच तबेल्यात तिचे बाबा चौदा वर्षं मोतद्दार होते. खरारा, दाणापाणी, आजारपण, सगळं त्यांच्याच हाती. ती दहा वर्षांची असताना एका सकाळी गवताचा माळा खाली बसला. तांबडी घोडी जागच्या जागी गेली आणि बाबांचा डावा पाय गुडघ्यापासून चेचला. मालकांनी खापर बाबांवर फोडलं. म्हणे, यानेच सगळं गवत एका जागी रचलं. बाबा दवाखान्यातल्या खाटेवरून सांगत राहिले, की बग्गी आत घेता यावी म्हणून मालकांनी महिन्यापूर्वी मधला खांब कापून काढला, मी नको नको म्हणत होतो. चौकशीला आलेल्यांना मालक शांतपणे म्हणाले, "तिथे खांब कधी नव्हताच." खाली बघावं तर नवंकोरं सिमेंट. मालकापुढे मोतद्दाराचं कोण ऐकणार? बाबांना 'घोडीमार' हे नाव चिकटलं आणि पुन्हा कुणी त्यांना घोड्याजवळ उभं केलं नाही. आई बाहेर कामाला जायला लागली. बाबा दाराशी बसून चपलांचे पट्टे शिवायला लागले. आणि मुलीने डूख धरला. एकोणीस वर्षं धरला.

मालकांनी तिला ओळखलं नाही. मोतद्दाराला मुलगी होती, हे तरी त्यांना कधी माहीत होतं? केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. "लवकर उरका. घोडे बुजतात," एवढं बोलून ते सावलीत जाऊन बसले.

तिने तिकाटण्यावर स्कॅनर लावला. चौदा जागा बदलल्या, दोन वेळा माळ्यावर चढली. यंत्र गरगर फिरत होतं, लेझर भिंती, घोड्यांची ठाणं, तुळया चाटून परत येत होता. ऑफिसात येऊन तिने ते सगळे तुकडे जोडले, तेव्हा पडद्यावर कोट्यवधी ठिपक्यांचा तबेला उभा राहिला. एका घोड्याने मध्येच मान हलवली होती, त्याला दोन माना आल्या होत्या. बाकी सगळं जसंच्या तसं.

मग तिने मोठ्या तुळईचा उभा काप घेतला. तुळईखाली पाच खांब होते. पहिल्या चारांमध्ये सारखं अंतर, चौथ्या-पाचव्यात बरोबर दुप्पट, आणि तिथेच तुळई चौऱ्याण्णव मिलिमीटर खाली वाकलेली. त्या जागी तुळईच्या पोटाला एक फळी ठोकलेली होती. पण लाकूड सुकून फळी एका कडेने उचलली गेली होती आणि फटीतून लेझर आत शिरला होता. आत खाच होती. खांबाचं डोकं बसवायला करतात तशी, चौकोनी, रिकामी. खाली सिमेंटही तेवढाच चौकोन करून किंचित खचलं होतं.

तिने खुर्ची मागे सरकवली आणि तोंडावर हात दाबून धरला. रडू नव्हतं ते. हसू होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. "ते वाकणंबिकणं दाखवत बसू नका. म्हातारी इमारत आहे, तुळई सरळ काढा."

"बरं," ती म्हणाली. "एवढं ईमेलवर लिहून पाठवाल? आमच्याकडे नोंद लागते."

त्यांनी पाठवलं.

साहेबांना ती काही बोलली नाही. मालकाला पळवाट मिळू द्यायची नव्हती. मॉडेल दाखवायची बैठक आठ दिवसांवर होती. ते आठ दिवस तिने मिठाईसारखे चघळले.

बैठकीला घेणाऱ्या बाई होत्या, साहेब होते आणि इस्त्रीच्या कोटात मालक. तिने मॉडेल फिरवून दाखवलं, ठाणं दाखवली, मग मोठ्या तुळईपाशी थांबली.

"मालक, या ओळीत खांब किती?"

"पाच. वडिलांनी बांधलं तेव्हापासून पाच."

"नक्की?"

"माझा तबेला मला माहीत नाही?"

तिने काप उघडला. "मग खाचा सहा कशा?"

बाई उठून पडद्याजवळ गेल्या. तुळईचं वाकणं त्यांनी बोटाने हवेत गिरवलं. मग तिने मालकांचा ईमेल उघडून मोठ्याने वाचला, अगदी सावकाश. मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा.

"हा खांब कापल्यावर महिन्याने माळा पडला," ती म्हणाली. "माझे वडील तुमच्याकडे मोतद्दार होते."

"कोण?" मालकांनी खरंच आठवून पाहिलं. "तो... लंगडा?"

"तुमच्याकडे आले तेव्हा लंगडे नव्हते."

व्यवहार तिथेच मोडला. ही गोष्ट बाईंनी घोडेवाल्यांच्या जगात चारचौघांना सांगितली आणि चारचौघांनी चाळीस जणांना. बैठकीच्याच दिवशी तबेला रिकामा करून तुळईला टेकू लावावे लागले. वकिलाच्या भीतीने मालकांनी लिहून दिलं, की खांब होता, तो आपण कापायला लावला, मोतद्दाराचा दोष नव्हता.

तो कागद तिने बाबांच्या हातात दिला. त्यांनी ओळीखाली बोट फिरवत तो दोनदा वाचला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, एकोणीस वर्षांची भूक घेऊन.

"घोडे कुठे नेले?" बाबांनी विचारलं.

"पलीकडच्या मोकळ्या शेडमध्ये. अकरा आहेत."

"आणि तुळईचं तुला कधी कळलं?"

"बैठकीच्या आठ दिवस आधी."

बाबांनी कागद खाली ठेवला. "आठ दिवस. त्या तुळईखाली घोडे उभे होते. त्यांना दाणा घालणारा माणूसही असेल."

हा हिशेब तिने केलाच नव्हता. चौऱ्याण्णव मिलिमीटर तिला पाठ होते, त्यांच्या खाली कोण उभं आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"पडली नाही ना पण," ती शेवटी म्हणाली.

"तेव्हाचा माळाही आदल्या दिवसापर्यंत पडला नव्हता." बाबांनी काठी घेतली, उठले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता. "उट्टं काढलंस, छान केलंस. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आधी घोडे बाहेर काढायचे, मग माणसाला गाडायचं. कळलं?"

"कळलं, बाबा."

"चल. मला ते घोडे बघायचेत. आता कोण अडवतो बघू."

तिने गाडी काढली. बाबांनी पुढच्या सीटवर बसून कागदाची चौकोनी घडी घातली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात, दिसेल अशी ठेवली.