मास्तर बांधून ठेवला तवा

आमच्या वाडीत मास्तर टिकत नव्हता. पारनेरची एस्टी फाट्यावर सोडायची, तिथनं पायी चढ, आन वर आल्यावर ना लाईट ना चहाचं हाटेल. एक मास्तर विंचू चावल्याचं निमित्त करून गेला. एकानं भिंगारला बदली करून घेतली. एक तर वळकटीसुदीक न सोडता माघारी फिरला. शाळा भरायची मारुतीच्या देवळात. मास्तर नसला की तिथं शेरडं बसायची.

म्हनून माजी बनू एवढीशी असताना मी तिला पारनेरला मामाकडं शाळंला घातली. खाऊ घिऊन येते म्हनून उठले आन गुमान एस्टीत बसले. पोरगी सातवी होऊन आली, पर माज्याच घरात पाव्हनीवानी पानी मागून प्यायची. लई लागलं मनाला. तवाच ठरवलं, आता हिला डोळ्याआड करायची न्हाई, आन वाडीतल्या दुसऱ्या कुन्या आईवर ही येळ येऊ द्यायची न्हाई.

मंग सहादेव गुरुजी आले. संगमनेरकडचे, तरणे. खोटं कशाला बोलू, मास्तर म्हंजी मास्तर हुता त्यो. चिंचोके मांडून पोरांला बेरजा शिकवायचा. पोरगं आलं न्हाई की घरी येऊन हाताला धरून न्यायचा. बायाबी बिनघोर म्हनायच्या, "गुरुजी, आमच्या बाळ्याला अजून काना-मात्रा येईना," आन त्यो ऐकून घ्यायचा. दिवाळीपतोर पैलीतली पोरं फाट्यावर एस्टीची पाटी वाचाय लागली.

त्येवढ्यात कानावर आलं, गुरुजी गावाकडं बदली मागत्यात. पारावर बैठक बसली. काकासाहेब आमचे सरपंच. ते म्हनले, मास्तर जातो म्हंजी काय, बांधून ठेवा त्येला. गुरुजी आमच्याच जातीतले, बनू लग्नाची. समद्या माना आमच्या घराकडं वळल्या. मी तर टपलेलीच हुते. लेक डोळ्याम्होरं, शाळा दाराम्होरं, आनखी काय पायजे? मालक म्हनले, जरा इचार करू. म्हनलं, तुमी इचार करा, मी हळद दळते. माघात लग्न लागलं.

आन तिथंच माती खाल्ली आमी.

बहात्तर साल हुतं. त्या साली वैशाखात धोंड्याचा म्हैना आला. लेक-जावयाला जेवू घालायचा म्हैना. जावई काय एकट्या माज्या घरचा? गावानं बांधलेला, म्हंजी गावाचा. आज याच्याकडं धोंडं, उंद्या त्याच्याकडं पुरनपोळी. सकाळची शाळा, आन गुरुजी तूप वरपून सावलीला आडवे. धोंडा सरला, पर सवय काय सरंना. शाळा सुरू झाली तरी गुरुजी उनं वर आल्यावर निगायचे. पोरं त्येला गुरुजी म्हनायची सोडून दाजी म्हनाय लागली. दाजीला कोन भितंय हो? आन बोलनार कोन? मास्तराला बोलता येतंय, जावयाला बोललं की लेकीच्या अन्नात माती. मी तर सासू. जावयाम्होरं यायचं न्हाई, बोलायचंच झालं तर दाराआडनं भिंतीला सांगायचं. बनू बिचारी भाकरी थापून देवळात जायची आन बारक्यांला चिंचोके मांडून द्यायची. मोठी पोरं हुंदडायची.

एक दिवस सकाळी मी पान्याला चालले हुते. म्होरनं लंकाबाई आली, काखंला गठुडं, हाताला धाकटी पोर. म्हनलं, कुठं निगालीस? तर म्हनली, हिला पारनेरला हिच्या मामाकडं घालते, वाडीत शाळा हाय कुठं? पोरगी माज्याकडं बघून हसली. "आमी खाऊ आनाया चाललोय," म्हनली.

मी हंडा तिथंच ठिवला आन तडक देवळात गेले. शाळंची घंटा म्हंजी रुळाचा तुकडा, लिंबाला टांगलेला. दगुड घेतला आन बडवत सुटले. वाडी गोळा झाली. जावई टावेल खांद्यावर घिऊन आले, म्हनले काय जळालं का काय. मी पदर सावरला आन आयुष्यात पयल्यांदा त्येंच्या तोंडाकडं बघून बोलले.

"जावईबापू, माज्या घरी या, पाय धुते तुमचं. पर या पायरीच्या आत तुमी माजं जावई न्हाई. हितं मास्तर असाल तर या, न्हाईतर येऊ नका."

त्येंचं तोंड उतरलं, मंग लाल झालं. ते तसंच माघारी गेले. काकासाहेबांनी नारळ-टोपी करून रुसवा काढाय बघितला, पर जावयाचा रुसवा त्यो. बदलीचा अर्ज गेला, आन संगमनेरकडच्या गावाची ऑर्डर आली. लंकाबाईची पोर त्या दिवशी परत फिरली हुती, आन आता मास्तरच चालला. समदी वाडी मला म्हनली, गोजरबाई, तुज्या जिभंला काय हाड?

बनू नवऱ्याबरूबर गेली न्हाई. म्हनली, नवा मास्तर आला की येते, तवर बारकी कुठं जातील? जावई म्हनले, तुला कवा यायचं तवा ये, आन चालाय लागले. पाऊस तर कवाच दडी मारून बसला हुता. बाया-गडी समदे दुष्काळी कामावर खडी फोडायला, आन त्येंची पोरं बनूपाशी. लंकाबाईची पोर पयली येऊन बसायची. माजी लेक माज्या घरात हुती, रोज माज्या ताटात जेवत हुती. मला हेच पायजे हुतं न्हवं? पर पानवठ्यावर बाया कुजबुजाय लागल्या, गोजरच्या लेकीला टाकली म्हनून. रातीचं बनू कुशीवर वळली की मला झोप लागत नव्हती.

म्हनून मीच काकासाहेबांला घिऊन पारनेरच्या पंचायत समितीत खेटं घालाय लागले. सायेब म्हनायचे, बाई, मास्तरच न्हाईत तर देऊ कुठनं? मी पायरीवर भाकरी सोडून बसायचे. मास्तर मागायचे आन मनात म्हनायचे, ह्यो आला की माजी बनू गेली.

आला. सुमंत त्येचं नाव, नगरचा, भटाचा पोरगा, अंगानं काटकुळा. काकासाहेबांनी चहा देता देता इच्यारलं, लगीन झालंय का? मी म्हनलं, सरपंच, त्यो इषय पुन्यांदा काढलात तर ह्यो कप तुमच्या टकुऱ्यात घालीन.

बनूनं पोरांला फशीवलं न्हाई. समद्यांला बसवून सांगितलं, "मी उंद्या माज्या घरी जानार. परत यायची न्हाई. आता ह्ये तुमचे गुरुजी." पोरांनी रडून देऊळ डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिशी ती निगाली तर बारकी पायऱ्यांवर येऊन तिच्या लुगड्याला चिकटली, लंकाबाईची पोर समद्यांच्या म्होरं. एस्टीची येळ झाली. बनू मला म्हनली, "आई, तू फाट्यावर येऊ नको. घंटा दे."

मी दगुड उचलला. घंटा दिली. बनूनंच लावलेली सवय, पोरं नाक पुसत रांगंनं आत गेली. नवा गुरुजी चिंचोके मांडत हुता. बनू बापाबरूबर चढ उतरून गेली.

शिमग्याला भेटाय आली तवा सांगत हुती, तिकडं ह्ये घंटंच्या आधी शाळंत अस्त्यात, गावातल्या बाया येऊन बोलत्यात, तेबी गुमान ऐकून घेत्यात. म्हनलं, ऐकतीलच. तिथं ते कुनाचं जावई न्हाईत.

दोन दिस राहून गेली. पाव्हनीवानीच, पानी मागून प्याली. मी तांब्या भरून दिला आन घंटा द्यायला गेले.