चाळीस सुऱ्या, तीन नोकऱ्या

सालासेनीला त्या दिवशी सकाळचा चहा घशाखाली उतरेना. आनंदच पोटात मावत नव्हता, तिथे चहाला जागा कुठली? लहान उद्योगांच्या सरकारी कचेरीतले साहेब राजधानीहून, सुवाहून निघाले होते. ते तिची पत्र्याची शेड बघणार आणि पटलं तर कसाव्याच्या कंदाचे काप पाडायचं एक आणि वाळवायचं एक अशी दोन यंत्रं मंजूर करणार. तिचे तळलेले काप किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना इतके आवडले होते, की आठवड्याला दोनशे पाकिटं हवीत म्हणत होते. हाताने कापून दोनशे व्हायची कुठून!

सरकारची अट एकच होती, गावातल्या तिघांना तरी पगारी काम द्यायचं. अर्जात दोन शेजारणींनंतर तिसरं नाव तिने मोठ्या हौसेने लिहिलं होतं, मामेबहिणीचं, तोरिकाचं. तोरिका ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जायला निघाली होती, नऊ महिन्यांसाठी, चार वर्षांची लेक मागे ठेवून. "तुझी यंत्रं आली तर मी कागद फाडते," ती म्हणाली होती. "नाही आली तर सोमवारी सही."

तेवढ्यात गावचा लाकडी ढोल घुमला. वाजवत होते वाइसाले मामा, गावचे कारभारी आणि तोरिकाचे वडील. भाचीचा एवढा मोठा दिवस, मामा गप्प बसतील कसे? अर्ध्या तासात चाळीस माणसं आपापल्या सुऱ्या घेऊन शेडमध्ये हजर. कुणी चटया अंथरल्या, कुणी कसाव्याची पोती ओतली, आणि सोलायला बसले सगळे.

"मामा, हे काय?"

"सरकारला कळू दे, तुझ्या पाठीशी कोण कोण आहे ते."

सालासेनीला भरून आलं. खरं सांगायचं तर त्या घडीला अट तिच्याही ध्यानात राहिली नाही.

इसिकेली साहेब आले. पाहुण्याच्या रीतीप्रमाणे त्यांनी यांगोनाच्या, म्हणजे ज्याचं पेय करतात त्या झाडाच्या मुळांची जुडी मामांपुढे ठेवली. त्यांचं गाव आणि हे गाव पिढ्यान्‌पिढ्या थट्टेच्या नात्यातलं, त्यामुळे बसल्या बसल्या सुरुवात झाली.

"या गावात कामंही करतात? आमच्याकडे ऐकलं होतं, नुसतं खातात."

"खातो की," तोरिका म्हणाली. "पण तुमच्या गावचा पाहुणा आला की आधी चमचे लपवतो."

शेड हसून दणाणली. साहेबही डोळे पुसत हसले, मग त्यांनी कागद काढला. "झकास. यातले पगारी किती?"

मामांनी छाती पुढे काढली. "एकही नाही. आपल्या माणसाच्या कामाचे पैसे घेतं का कुणी?"

साहेबांचं पेन थांबलं. "मग मी काय लिहू, मामा? यंत्रं देतो ती गावात नोकऱ्या व्हाव्यात म्हणून. मला तीन पगारदार बघायचेत, आणि इथे तर चाळीस पाहुणे बसलेत."

तोरिकाने मान खाली घातली आणि ती भराभरा सोलू लागली. आता बोलायला तर हवं होतं, पण मामाला चारचौघांत अडवायचं, तेही पाहुण्यासमोर, असं या गावात कुठल्या भाचीने केलं नव्हतं. सालासेनी मामांसमोर खाली बसली. माफी मागताना वाजवतात तशा तिने ओंजळीने तीन टाळ्या वाजवल्या.

"मामा, सुरी खाली ठेवा."

मामांनी सोलता सोलता वर पाहिलं.

"माझी माया नको झाली होय तुला?"

"माया हवी, मामा. सोलणं नको. तुमची सुरी कसावा नाही सोलत, तोरिकाचा पगार सोलतेय. तुम्ही हे फुकट करत राहिलात तर ती सोमवारी सही करणार."

दोन महिने मामांनी त्या सहीचा विषय घरात काढू दिला नव्हता. त्यांनी सुरीकडे पाहिलं, मग लेकीकडे. सुरी हळूच चटईवर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी सुऱ्या खाली! ज्या तिघींची नावं कागदावर आहेत, त्यांनीच काम करायचं. बाकीच्यांना स्वस्थ बसवत नसेल तर गा."

आणि गायले की! चाळीस गळ्यांतून चर्चमधलं रविवारचं भजन उठलं, तिघींच्या सुऱ्या त्या ठेक्यावर चालू लागल्या. साहेबांनी तिघींशी बोलून नावं, कामाचे तास, आठवड्याचा पगार सगळं लिहून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं.

"दोन्ही यंत्रं मंजूर. पंधरा दिवसांत येतील."

सालासेनीला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं. बायका तिच्या गळ्यात पडल्या, कुणी आनंदाच्या प्रसंगी फासतात तशी साहेबांच्या तोंडाला पावडर फासली. त्या गडबडीत मामांना राहवलं नाही. त्यांनी हळूच एक कसावा उचलला आणि सुरी शोधू लागले.

तोरिकाने त्यांच्या हातावर चापट मारली.

"हात काढा, बाबा. माझी नोकरी आहे ती."

मामांनी कसावा मुकाट्याने खाली ठेवला. चापट बसलेला हात दुसऱ्या हाताने धरून ते तसेच बसून राहिले, लेकीकडे बघत.