मावशींचा निरोप

शाळेत मला सगळे 'वेलांटी सर' म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावरही म्हणतात. दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घाला लाल खुणा करायची हौस, दुसरं काय! म्हणूनच 'आगामी कार्यक्रमां'चा फळा मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या गळ्यात मारला.

त्या शनिवारी नुसती भाऊगर्दी होती. व्हॉलीबॉलची फायनल, विज्ञान प्रदर्शन, पालकसभा आणि दहा वाजता हॉलमध्ये आमच्या शिपाईमावशींचा निरोप समारंभ. एकतीस वर्षं वर्गावर्गात निरोप पोचवून मावशी निवृत्त होत होत्या.

"सर, हॉल भरेल ना हो?" त्यांनी मला विचारलं. "माझी ताई येणारेय. तिला वाटतं, मी इथे नुसते कप विसळते."

"मावशी, फळा कोण लिहितंय? मी!"

अक्षर टपोरं काढायच्या नादात 'विज्ञान प्रदर्शना'नेच अर्धा फळा खाल्ला. शेवटी बोटभर जागा उरली. त्यात ना 'समारंभ' बसेना, ना 'हॉल'. मग लिहिलं, '१० वा. मावशींचा निरोप'. मोजकं, नेटकं. स्वतःवर खूश होऊन मी हात झटकले.

शनिवारी सव्वादहा वाजले तरी हॉलमध्ये आम्ही चौघंच. मुख्याध्यापिकाबाई, मावशी, त्यांची ताई आणि मी. बाकी रिकाम्या खुर्च्या. ताई सारख्या मागे वळून बघत होत्या. मावशी रुमालाच्या घड्या घालत होत्या, मोडत होत्या.

मी धावत मैदानावर गेलो. "अरे, निरोपाला कुणीच कसं आलं नाही?"

"आम्ही वाट बघतोय की, सर," व्हॉलीबॉलची कॅप्टन म्हणाली. "मावशी अजून निरोप घेऊन आल्याच नाहीत!"

प्रदर्शनात तेच उत्तर, पालकसभेत तेच. अरे देवा! एका शब्दाचे दोन अर्थ नववीला मीच शिकवतो आणि 'निरोप' हे माझं ठरलेलं उदाहरण. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मी मान खाली घालून मावशींना खरं ते सांगितलं. त्यांनी रुमाल कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "ताई, ऊठ. माझं काम दाखवते तुला."

नेहमीसारखं एकेक दार वाजवत त्या निघाल्या. "निरोप आहे. मी आज चाललेय. हॉलमध्ये या." पोरं हातातलं टाकून उठली, पालक उठले, कॅप्टन बॉल काखेत घेऊन आली. मागची रांग जिन्यापर्यंत गेली.

"अगं बाई, एवढे सगळे?" ताई म्हणाल्या.

"हे मैदानावरचे नि खालचे. वरच्या मजल्याचे अजून राहिलेत."

मी मात्र स्टाफरूममध्ये तोंड लपवून बसलो. कुठल्या तोंडाने जाणार? थोड्या वेळाने दार वाजलं.

"सर, निरोप आहे."

अकरा वर्षं हे ऐकून मी वहीतून मान वर न करता "ठेवा तिथे" म्हणत आलो होतो. आज उठून उभा राहिलो.

"सांगा, मावशी."

"हॉल भरलाय. एकच खुर्ची रिकामी आहे, चला."