हेड घासल्यानंतरचा घाट

मार्गशीर्षातलं कोवळं, केशरकांत ऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात उतरलं होतं. काळवंडल्या पत्र्यांवर, लेथखालच्या लखलखत्या किसावर, तेलाच्या सप्तरंगी थारोळ्यांवर ते सारख्याच मायेनं पसरलं होतं. उन्हाला काय, सोनं आणि लोखंड एकच.

त्या उन्हात रंगराव चौगुले आपल्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून उभे होते. मनात संभ्रमाचं धुकं दाटलं होतं.

गाडी वृद्ध झाली होती. सपाटीवर सुरेल, चढावर श्वासविकल. वर्षातून एकदा इंदुमतीला माहेरी न्यायचं, घाट उतरून कोकणात. जाणं सुखाचं. परतताना मात्र करूळ घाटातल्या एका उभ्या वळणावर गाडी हटून बसायची. मग इंदुमतीनं उतरून चालायचं आणि रंगरावांनी रिकामी गाडी वर न्यायची. रिकामी तरी कुठली! नारळ आणि तांदूळ ऐटीत बसलेले, घरची लक्ष्मी तेवढी पायी. गेल्या खेपेला मेव्हण्यानं बोट ठेवलंच. "भावोजी, नारळ बसतत गाडयेत, आणि आमची ताय चलता?" सगळे हसले. रंगरावांच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

यंदा तिनं बसूनच ते वळण चढायचं, बस्स.

नवे पिस्टन परवडणारे नव्हते. स्वस्त उपाय एकच, हेडचा तळ घासून घ्यायचा. पोकळी आकसते, पेट्रोल-हवेचं मिश्रण अधिक दाबलं जातं, आणि जे अधिक दाबलं जातं ते अधिक त्वेषानं पेटतं. कम्प्रेशन वाढतं, हे सारे एकमुखानं सांगत. किती घासायचं, यावर मात्र प्रत्येकाचं वेगळं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे खरं. पण मनालाच उमगेना, तर करावे कोणाचे?

"मालक, कमी घासलं तर चढ हाय तसाच," ग्राइंडरवरचे दिलावरभाई म्हणाले. "जादा घासलं तर इंजिन खडखडतंय. गेलेलं परत चिकटवता येत न्हाई. बोला."

थोडं म्हणावं तर लाज वाचेना, फार म्हणावं तर गाडी वाचेना. "मधलं घासा," रंगराव शेवटी म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. चाक फिरलं. रुपेरी भुकटी उडाली, धातू आरशासारखा उजळला. त्या आरशात एक गोंधळलेला माणूस दिसत होता.

मग माहेर झालं, पाहुणचार झाला, आणि परतीचा घाट आला. तेच वळण. इंदुमतीचा हात सवयीनं दाराकडे गेला.

"बस गं," रंगराव म्हणाले. त्यांनी पहिला गिअर टाकला.

इंजिन खडखडलं. थबकलं. आणि हुंकारत, थरथरत, तप्तश्वास टाकत चढलं! वळण मागे पडलं. विजयोन्मत्त रंगरावांनी शेजारी पाहिलं. इंदुमतीचे डोळे भरून आले होते.

त्यांना काही कळेना. घाटमाथ्यावर त्यांनी गाडी थांबवली. "काय झालं? कुठं दुखतंय का?"

"अहो, त्या वळणावरून आमच्या घराची कौलं दिसतात. चालताना तेवढी डोळे भरून बघून घ्यायचे. आज गाडीतून दिसलीच नाहीत."

"मग इतक्या वर्षांत बोलली नाहीस ती?"

"गाडी अडली की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं. त्यात मला बरं वाटतंय, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

जिंकलो की हरलो, रंगरावांना उमगेना. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्यांनी चाकामागे दगड लावला, तिच्या बाजूचं दार उघडलं, आणि दोघं आल्या वाटेनं खाली चालू लागली.

दरीत नीलधूसर धुकं होतं. धुक्यात हिरवी झाडी, झाडीत तांबडे तांबडे ठिपके. "ते बघा," इंदुमतीनं बोट दाखवलं. त्या ठिपक्यांतलं नेमकं घर कोणतं, ते रंगरावांना काही कळलं नाही. तरी तिच्या बोटाच्या दिशेनं बघत, तिच्या खांद्याशी वाकून, ते म्हणत राहिले, "हो, दिसलं. दिसलं."