तोंडातलं बटण

शर्टाचं पांढरं बटण, चार भोकांचं.

शिलाई मशीनवर वाकलेल्या बायकांची ओळ. कोणी बोलत नाही. बोललं की घसा सुकतो.

अर्धं कलिंगड, चमच्याने सालापर्यंत कोरलेलं.

वजनकाटा.

काट्यावर ट्रकवाला उभा होता. डायलिसिसच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी त्यावर चढावं लागे. मागच्या खेपेपासून अंगात किती पाणी साठलं, ते काटा सांगे.

"घागर भरून आली बघा, सिस्टर," शेजारच्या खाटेवरून शिवणवाली मावशी म्हणाली. तिच्या एका हातात सुया टोचून झाल्या होत्या.

"पाणी नाही प्यायलो, मावशी. आईशप्पथ. नुसतं कलिंगड खाल्लं."

"मग कलिंगडात काय वाळू असते?"

सगळ्या खाटा हसल्या. तो खाटेवर आडवा झाला. मशीन अंगातलं पाणी ओढू लागलं तसे ट्रकवाल्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. एवढा दांडगा माणूस, हमसून रडला.

"बस झालं. आता येतच नाही. घरी पोटभर पाणी पितो नि मरतो."

"मर की. तुझ्या खाटेवर आधी एक मास्तर होते, ते असेच गेले. छातीत पाणी भरलं. आडवं होता येईना. बसून बसून मेले." मावशीने तोंडातून बटण काढलं, चादरीला पुसलं. "हे धर. जिभेखाली ठेव, लाळ सुटते. उष्टं आहे, उकळून घे."

"आणि तुम्हाला?"

"मला सवय आहे. शिवणखात्यात दिवसच्या दिवस काढलेत असे."

"पाणी नव्हतं तिथं?"

"होतं की," म्हणून तिने डोळे मिटले.

पुढच्या खेपेला तो आला. काटा बराच खाली होता.

"घागरच आहे अजून," मावशी म्हणाली. "गळायला लागली, एवढंच."

थंडीत मावशीची खाट रिकामी झाली. चादर बदलली आणि दुपारी तिथे एक नवी बाई आली. ओठ फुटलेले. एका घोटासाठी सिस्टरला विनवत होती.

"ओ रडूबाई, इकडे बघा," ट्रकवाल्याने आवाज मुद्दाम कडक केला आणि तोंडातून बटण काढलं. "नीट उकळा. दोघांचं उष्टं आहे."

शिवणखात्यात पाण्याचं पिंप कायम भरलेलं असे. संडासाची किल्ली मुकादमाच्या खिशात असायची. ती मागावी लागू नये म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नसत.